एक हार माफ

आमच्या घराण्याचं नाव आजवर फक्त लग्नपत्रिकांवर छापून आलं आहे. त्यामुळे एका माणसावर लेख लिहायला मी बसावं, हे मला स्वतःलाच जरा अगोचरपणाचं वाटतं. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी सरांनी आग्रह केला म्हणून धीर केला. बाकीच्यांनी मोठमोठ्या लोकांवर लिहिलं आहे, मी माझ्या घरमालकांवर लिहिते आहे. काही कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्यांच्यावर लिहिते त्यांना विचारलेलंही नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "काहून वं, मेलो का मी?" आणि मग लिहिणं अवघड झालं असतं.

त्यांचं नाव लिहीत नाही. मी त्यांना काका म्हणते. कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर कोराडी रोडवरच्या एका लेआउटमध्ये घर बांधून ते आणि काकू राहतात. वरची एक खोली भाड्यानं देतात, तीही फक्त शिकणाऱ्या मुलींना.

बारावीनंतर मी खाप्याहून नागपूरला आले तेव्हा खोली शोधायला बाबा बरोबर होते. बाबा मालवाहू ऑटोतून कळमन्याच्या बाजारात भाजी पोचवतात, त्यामुळे नागपूरचं तेवढं एक टोक त्यांना पक्कं माहीत. बाकी नागपुरात ते माझ्याइतकेच बावरलेले होते. आधी पाहिलेल्या घरांमध्ये आम्हाला आडनाव विचारलं, मग घरी काय शिजतं ते विचारलं, मग मैत्रिणी किती येतील ते विचारलं. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, "डावा हात ठेव टेबलावर."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. मी हात ठेवला.

"पंजा टेक. बोटं पसरव. आता मधला भाग थोडा उचल. अंगठा चिकटव बोटाले. हं."

अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जी खाच झाली होती तिच्यावर त्यांनी एक पेन्सिल ठेवली आणि मागेपुढे सरकवून पाहिली.

"थरथरते," ते काकूंना म्हणाले, "पण उचलून नाही घेतला. देऊन टाक खोली."

परतताना बाबा म्हणाले, "मालक डोक्यानं थोडा सरकेल वाटते. बाई मात्र चांगली हाय. राहा तू."

काकांचं हे पेन्सिलीचं प्रकरण काय होतं ते मला राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. मी पाणी भरायला खाली आले तर काका म्हणाले, "तुह्या मोबाईलवर पूलचा निकाल दिसते का, पाह्य बरं." त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि तो फक्त बोलायला असतो, असं त्यांचं मत होतं. मला वाटलं, कन्हान नदीवरच्या पुलाच्या टेंडरबद्दल विचारत आहेत. मी अगदी मन लावून म्हटलं, "काका, आमच्या खाप्याच्या पुलाचं का?"

ते इतके हसले की काकू आतून धावत आल्या. मी लाजून पाण्याची कळशी उचलायला लागले, तर त्यांनी थांबवलं आणि मला समोर बसवलं. पूल म्हणजे टेबलावर काठीनं रंगीत चेंडू कडेच्या भोकांत घालायचा खेळ, तो बायकाही खेळतात आणि जगभरातल्या बायकांची एक मोठी स्पर्धा त्या दिवशी चालू होती, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण तू काई चुकली नाही. खेळनारा डाव्या हाताची बोटं अशी टेकवते ना, त्याले इंग्रजीत ब्रिज म्हनतात. म्हंजे आपला पूलच. काठी त्याच्यावरून जाते. पूल हालला का सगळं गेलं. तुहा पयला प्रश्नच बरोबर होता."

माझ्या चुकीच्या बोलण्यातून कोणी बरोबर गोष्ट काढून दाखवावी, हे मला नवीन होतं.

तेव्हापासून सकाळी निकाल वाचून दाखवणं हे माझं काम झालं. पुरुषांच्या स्पर्धेत त्यांना रस नव्हता. मी एकदा कारण विचारलं. "मानसाइचा निकाल पाहाले लय लोक हायत," ते म्हणाले. "बायाइचा निकाल कोनी तरी पाहाले पाह्यजे ना बापा."

खेळाडूंची नावं चीन, पोलंड, कोरिया, रशिया अशी कुठकुठची असत. मी ती अडखळत वाचायचे. काकांनी त्यावर उपाय काढला होता. जिचा खेळ जसा, तसं नागपुरातल्या वस्तीचं नाव. एक खेळाडू भराभर, गर्दी केल्यासारखी खेळायची, ती इतवारी. एक थंड डोक्याची, उंच, कोणाकडे न बघणारी, ती सेमिनरी हिल. एकीचा खेळ जुन्या पद्धतीचा आणि चिवट, ती महाल. त्यामुळे आमच्या घरातली बोलणी अशी चालत:

"काय झालं गोकुळपेठचं?"

"हरली काका. सक्करदऱ्यानं हरवलं."

"मले वाटलंच. गोकुळपेठले सकाय सकाय जमत नाही."

दूधवाला भाऊ हे रोज ऐकायचा. एके दिवशी त्यानं न राहवून विचारलं, "काकाजी, हे कबड्डीचे सामने कोन्या मैदानावर होऊन राहिले? आमच्या वस्तीचं नाव तं कधी येतच नाही." काकांनी त्याची वस्ती विचारून घेतली आणि दुसऱ्या दिवशी व्हिएतनामच्या एका नवीन मुलीला गिट्टीखदान हे नाव दिलं. त्यानंतर दूधवाला भाऊ गिट्टीखदानचा निकाल ऐकल्याशिवाय सायकल हलवत नसे.

अंगणातल्या शहाबादी फरशीवर काका स्पर्धेचा सगळा आराखडा खडूनं काढत. कोण कोणाशी खेळणार, जिंकलेली पुढे कोणाला भेटणार, अशा रेघांचं मोठं जाळं. कंट्रोल रूममधल्या माणसाचा हात होता, एक रेघ वाकडी नसायची. या स्पर्धेचा नियम असा, की एकदा हरलेली खेळाडू बाहेर जात नाही. ती दुसऱ्या बाजूला जाते आणि तिथून खेळत राहते. दुसऱ्यांदा हरली की मात्र बाहेर. न हरलेल्यांच्या रेघा काका पांढऱ्या खडूनं काढत आणि एकदा हरलेल्यांच्या निळ्या. तो निळा खडू काठीच्या टोकाला लावायचा असतो, त्याचे चौकोनी तुकडे त्यांनी बरणीत जपून ठेवले होते. काकूंच्या लुगड्याचा काठ स्पर्धेच्या दिवसांत कायम निळा असे.

"रांगोळी काढली तं लोक वाहवा तरी करते," काकू म्हणायच्या. "हे पाहून शेजारीन मले इचारते, घरात कोनाले भूत लागलं का."

"तिले सांग, एक हार माफ असनारा खेळ हाय हा," काका आतून ओरडत. "असा दुसरा खेळ दाखव म्हना मले."

हरण्याला ते हरणं म्हणत नसत. ट्रिप होणं म्हणत. "धंतोली ट्रिप झाली का?" असं. वीज केंद्रात काही बिघडलं की एखादी लाइन आपोआप बंद पडते, ती ट्रिप. पहिल्या वर्षी इंग्रजीत माझा विषय राहिला, तेव्हा मी चार दिवस घरी फोन केला नाही. बाबांना काय सांगायचं हेच कळत नव्हतं. आमच्या घरात नापास होणं म्हणजे शिक्षण संपणं, असाच अर्थ आहे. माझ्या आत्याचं तसंच झालं होतं. काकांनी जिन्यावर मला गाठलं.

"तोंड काहून पाडून राहिली?"

मी सांगितलं.

"ट्रिप झाली तू," ते म्हणाले. "ट्रिप झाली म्हंजे जळली नाही. उलट जळू नये म्हनून ट्रिप होते. आमी काय करत होतो मंग? कारन पाहायचं, आन् लाइन परत चालू करायची. रडत बसलो असतो तं अर्धा विदर्भ अंधारात राह्यला असता."

हेच त्यांनी माझ्या फोनवरून बाबांनाही सांगितलं. बाबांना ट्रिप म्हणजे सहल वाटली आणि बराच वेळ ते मला कुठे सहलीला पाठवायचं नाही एवढंच बोलत राहिले. पण माझं शिक्षण सुटलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

काकांच्या आराखड्यात एकाच खेळाडूला वस्तीचं नाव नव्हतं. तिचं नाव करुणा. ती कोराडीच्या कॉलनीतली. तिचे वडील मेश्रामकाका हे काकांच्याच पाळीत काम करायचे. दोघांनी प्लॉट शेजारच्या गल्ल्यांमध्ये मुद्दाम एकदम घेतले होते. पण मी राहायला गेले तेव्हा त्या दोघांमध्ये बोलणं नव्हतं. फाटकापाशी समोरासमोर आले तर "जय भीम" म्हणायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. "जय भीम कोनालेच नाकारता येत नाही," काकू म्हणायच्या, "नाही तं या दोघाइनं ते बी बंद केलं असतं."

का, ते काकूंनी एका दुपारी मेथी निवडताना सांगितलं. कॉलनीच्या क्लबमध्ये एक पूलचं टेबल होतं. बायका-मुली त्याच्याकडे फिरकत नसत. करुणा शाळेत असताना वडिलांना बोलवायला आली आणि टेबलापाशी उभी राहिली. काकांनी तिच्या हातात काठी दिली. पुढची काही वर्षं शिकवलं. ती राज्यात खेळली, मग देशात. मेश्रामकाकांना तोवर कौतुकच होतं. मग तिनं दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं. त्या घरात पहिली इंजिनिअर व्हायची होती ती. मेश्रामकाका इथं याच ओसरीवर आले. काका त्यांना म्हणाले, "पोरीले खेळू दे गा. जबाबदारी माही."

"मंग?" मी विचारलं.

काकूंनी मेथीची काडी मोडली. "मंग मेश्राम भाऊजी म्हनले, तुमची सोताची पोरगी असती तं तुम्ही असं म्हनले असते का. जनमभर अरे-तुरे करनारा मानूस, त्या दिवशी पयल्यांदा 'तुम्ही' म्हनला. आमाले लेकरू नाही, हे तं तुले माहीतच हाय."

काकूंनी पुढची जुडी ओढली. मीही मेथी निवडत राहिले.

करुणाताई पुण्याला एका क्लबमध्ये मुलांना खेळ शिकवते आणि स्वतः खेळते. वडिलांशी तिचं बोलणं आहे, पण खेळाचा विषय त्या घरात निघत नाही. गेल्या वर्षी अशोक विजयादशमीला ती आली, दीक्षाभूमीवर जाऊन आली आणि मग मागच्या गल्लीतून काकांकडे आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. बोलायला साधी, हाताची बोटं मात्र कायम कशावर तरी टेकवलेली. पुढच्या महिन्यात तैवानला बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि तिची निवड झाली होती. याआधी ती दोनदा बाहेर खेळून आली होती, पण देशाबाहेर एकही मॅच जिंकली नव्हती.

"काका, या वेळी एक तरी मॅच काढीन," ती म्हणाली. "नाही निघाली तं काठी ठेवून देते. बाबा म्हनते तसं नोकरीचं पाहाते मंग."

तिनं टेबलावर टेकवलेला पंजा काकांनी पाहिला, तिची करंगळी किंचित बाहेर सरकवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितला. ती गेल्यावर म्हणाले, "तिनं काठी ठेवली तं मेश्राम बरोबर होता म्हनावं लागन." एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं, हे काकूंनी मला सांगितलं.

मग वर्तमानपत्रात बातमी आली. छोटीशीच होती, पण ती कोणी लिहिली देव जाणे. आंतरराष्ट्रीय पूल स्पर्धेसाठी निवड, एवढं वाचून त्या माणसानं मथळा दिला, 'नागपूरची जलकन्या तैवानला झेपावणार'. खाली पोहण्याच्या तलावाचं चित्रही होतं. पेपर घेऊन मी धावत खाली आले. मला वाटलं काका चिडतील. त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि पोट धरून हसले. "तुहा पूल नदीवर होता, याचा पान्यात पडला."

खरी गंमत मेश्रामकाकांची झाली. ते रोज सकाळी फिरायला जातात. रस्त्यात जो भेटेल तो त्यांचं अभिनंदन करायला लागला. "मेश्रामजी, पोरगी कोराडीच्या तलावात शिकली का जी पोहाले?" "आमच्या नातवाले बी शिकवान म्हना, पान्याले लय भेते." मेश्रामकाका आधी हूं हूं करत पुढे गेले. डेअरीवर मात्र त्यांचा ताबा सुटला. तिथं काकू होत्या, त्यांनी कानांनी ऐकलं.

"माही पोरगी पोहत नाही," मेश्रामकाका म्हणाले. "टेबलावर खेळते."

"टेबल टेनिस का?"

"नाही. काठीनं खेळते. नऊ चेंडू असते. जो सगळ्यात लहान नंबरचा असन त्यालेच पयले मारा लागते. नऊ नंबरवाला टाकला का डाव जिंकला."

"आन् हरली तं?"

"एकडाव हरलं तं चालते त्याच्यात," मेश्रामकाका म्हणाले. "दोनडाव हरलं तं बाहेर."

त्यानंतर आठवडाभर ते दाढीच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात, जिथं तिथं लोकांना हा खेळ समजावत होते, कारण तो पेपर सगळ्यांनी वाचला होता. इतकी वर्षं ज्या खेळाचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं, तो त्यांना रोज पहिल्यापासून सांगावा लागत होता.

काकूंनी डेअरीवरचं बोलणं घरी येऊन सांगितलं तेव्हा काका खडू झटकत होते. ते थांबले.

"टेबलावर खेळते म्हनला?"

"हो."

"माही पोरगी टेबलावर खेळते, असंच म्हनला?"

"असंच म्हनले. कितीकडाव सांगू?"

काकांनी निळ्या खडूची बरणी उघडली, पाहिली आणि पुन्हा बंद केली.

स्पर्धा सुरू झाली. तैवानची दुपार म्हणजे आपली सकाळ, म्हणून निकाल चहाच्या वेळी यायचे. करुणाताईची पहिली मॅच सेमिनरी हिलशी होती. मी पान उघडलं आणि मला आकडा वाचवेना. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. "ट्रिप," ते म्हणाले आणि वाकून निळी रेघ काढली. दुसऱ्या दिवशी तिची गाठ इतवारीशी होती. जिंकली तर पुढे, हरली तर स्पर्धेच्या बाहेर आणि खेळाच्याही.

नेमका त्या दिवशी सकाळी माझा परीक्षेचा पेपर होता. मी काकांना म्हटलं, माझा फोन तुमच्याकडे ठेवून जाते. ते नको म्हणाले. "मले ते पानं उघडता येत नाही. आन् तू पेपर लिही. फोनच्या काळजीनं चुकशीन." मी सुचवलं की तिलाच फोन करावा. त्यावर ते जरा रागावलेच. स्पर्धा चालू असताना खेळणाऱ्याला फोन करायचा नाही, हा त्यांचा नियम होता. विचारण्यानंही हात हलतो, असं ते म्हणत.

पेपर कसा गेला ते खरं म्हणजे आठवत नाही. परत आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. काका अंगणात खुर्चीवर बसून होते. सकाळी सावलीत ठेवलेली खुर्ची आता उन्हात आली होती, तरी त्यांनी ती हलवली नव्हती. बाजूला कपात चहा, त्यावर साय धरलेली. काकूंनी दारातून मला डोळ्यांनीच विचारलं.

मी पान उघडलं. दोघींचे डाव बरोबरीत होते आणि शेवटचा एकच डाव उरला होता. पान तिथंच अडकलं होतं. मी परत उघडलं, बंद केलं, फोन बंद करून चालू केला. आकडे तेच.

"काय म्हनते?" काकांनी विचारलं.

"बरोबरीत आहेत काका. शेवटचा डाव आहे. पण हे जुनं दिसतंय, पुढचं येत नाही."

"बरोबरीत," ते म्हणाले. "इतवारीसंगं बरोबरीत." मग थोड्या वेळानं म्हणाले, "ठेव तो मोबाईल. तुहा हात थरथरून राह्यला."

त्यांच्या गुडघ्यावर ठेवलेला त्यांचा डावा हातही स्थिर नव्हता. मी पायरीवर बसले. काकू कणीक मळायला आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या.

फाटक वाजलं. मेश्रामकाका होते. पायात घरातल्या रबरी चपला, हातात घट्ट धरलेला मोबाईल, सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी, आणि गल्लीतून जवळजवळ पळत आल्यासारखा श्वास. काका खुर्चीतून उठले, पण पुढे झाले नाहीत. मेश्रामकाका अंगणात आले आणि खडूच्या रेघांपाशी थबकले. त्या रेघांवर पाय पडू नये म्हणून ते कडेकडेनं, भिंतीला हात लावत, काकांच्या समोर आले. इतकी वर्षं न बोललेली ती दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे न बघता फरशीकडे बघत उभी राहिली. काकूंच्या हाताची कणीक वाळत होती.

"याच्यात करुणा कोनती?" मेश्रामकाकांनी विचारलं.

काकांनी बोटानं दाखवलं. निळी रेघ, इतवारीच्या रेघेला येऊन मिळालेली, आणि पुढची जागा कोरी.

मेश्रामकाकांनी ती नीट पाहिली. मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"काढ मंग पुढं रेघ," ते म्हणाले. "जिंकली गा तुही पोट्टी."